कोऱ्या जागेचा आकडा

१९९८ साली पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा वायटूकेची धांदल होती. वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवणारे जुने कोबॉल प्रोग्राम २००० उजाडायच्या आत दुरुस्त करायचे, म्हणून आधी मेनफ्रेम शिकायचा. यंत्र परदेशात, आमच्यासमोर काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं.

सुरुवात जेसीएलपासून, म्हणजे यंत्राला काम नेमून देणाऱ्या भाषेपासून. कुठला प्रोग्राम चालवायचा, फाइल कोणती, नवी असेल तर डिस्कवर जागा किती, काम संपल्यावर ती ठेवायची की पुसायची, सगळं आधीच लिहून द्यायचं. ओळीच्या आरंभी दोन तिरक्या रेघा, मजकूर ७१व्या रकान्याच्या आत. ही ८० रकान्यांच्या पंचकार्डांची शिस्त. कार्डं गेली, रकाने राहिले. काहींना ती जाचक वाटे. मला पटली. मध्यरात्री बँकेच्या लाखो खात्यांवर व्याज चढवणाऱ्या यंत्राला अंदाज बांधायची मुभा देऊन कसं चालेल?

मग एकदा सरावाचा जॉब एस-झीरो-सी-सेव्हन हा एरर कोड देऊन मधेच बंद पडला. मी कोड चाळायला लागलो, तर सिनियर मॅडम म्हणाल्या, "अरे, कोड राहू दे. आधी डंपमध्ये काय पडलंय ते बघ."

पॅक्ड डेसिमलमध्ये एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. १२३४ ही संख्या ०१ २३ ४सी अशी तीन बाइटांत मावते. डंपमध्ये, म्हणजे जॉब बंद पडताना मेमरीत जे होतं त्याच्या नोंदीत, रकमेच्या जागी होतं ४० ४० ४०. मेनफ्रेमच्या एब्सिडिक संकेतात ४० म्हणजे स्पेस, कोरी जागा. रक्कम भरलीच नव्हती, आणि चिन्हाच्या जागी शून्य आलं होतं. कोऱ्या जागेला शून्य रक्कम समजून पुढचा हिशोब करायला यंत्राने साफ नकार दिला होता. त्या क्षणी मला हे यंत्र मनापासून आवडलं.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हापासून पॅक्ड डेसिमलची ही मांडणी कायम आहे. हल्ली नव्या मुलांना शिकवतो, तेव्हा कोबॉल शेवटी घेतो. त्याची वाक्यं इंग्रजीसारखीच असल्याने मुलं ती लवकर वाचायला लागतात. पहिले काही दिवस फक्त हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे आकडे, आणि डंप, त्यानंतर जेसीएल. मुलं कुरकुरतात, पण हा क्रम मी बदलत नाही.