भिंतीतून आरपार

आज पुसदला भाच्याने टीव्ही गेम जोडला आणि मी त्याला ती भिंत दाखवली. 1985च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये 1-2 म्हणजे पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी पाइपाजवळ पाठमोरी उडी अचूक बसली, की मारिओ चक्क विटांतून सरकतो. पुढचा पाइप पाण्याखाली नेतो. तिथे जगाचा आकडाच गायब, नुसतं ‘-1’. वेळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा तोच रस्ता.

यवतमाळच्या उन्हाळ्यात, दुपारी घराबाहेर पडवत नसे तेव्हा हे गुपित दोस्तांत फिरायचं. कोणीही मुद्दाम न बांधलेली जागा सापडणं मला जिंकण्याहून मोठं वाटतं.

1978च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्येही असंच काही न ठरवता घडलं: शत्रू घटले, की यंत्रावरचा भार हलका होऊन उरलेले सुसाट सुटायचे. तो गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. फार बरं केलं.