असं नव्हतं रे

कादंबरीकाराचं वय झालं की आठवणींना तोटा नसतो; तोटा पडतो तो त्या आठवणी खोडून काढणाऱ्या माणसांचा. आई-वडील गेले, आत्या-मावश्या गेल्या, आणि आता दादाही गेला. आमच्या घराबद्दल मी काहीही लिहिलं तरी ‘असं नव्हतं रे’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

दादा माझा पहिला वाचक. नोकरी हिशेबनिसाची, साहित्याशी संबंध रविवारच्या पुरवणीपुरता. पण माझा प्रत्येक खर्डा तो टोक काढलेली पेन्सिल घेऊन वाचायचा. वडिलांचं दुकान बंद पडलं तो दिवस मी एका कादंबरीत घेतला होता. आई माजघरात डोळ्यांना पदर लावून बसली आहे, असं चित्र होतं. दादानं समासात बारीक अक्षरात लिहिलं : ‘आई रडली नाही. फळीवरचे सगळे डबे उतरवून तिने घासायला काढले. डाळ-तांदूळ किती उरलेत ते बघत होती.’ रडणारी बाई कुणालाही सुचते. डबे घासायला काढणारी बाई कुणीतरी पाहिलेली असावी लागते.

माणसं गेली की त्यांच्यावर लिहिणं सोपं जातं, असा एक समज आहे. भीड उरत नाही, हे खरं. पण भिडेबरोबर धाकही जातो आणि लेखणी सैल सुटते. आईची देवी होते, बापाचा खलपुरुष. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी पुन्हा पुन्हा उघडतो ती यासाठीच. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1919 साली गेले. पुस्तक भागाभागानं यायला लागलं ते 1934 पासून. उलट बोलायला टिळक नव्हते. तरी त्यांचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी जितक्या मोकळेपणानं सांगितला, तितक्याच मोकळेपणानं स्वतःच्या फजित्याही सांगितल्या. टिळक शेजारच्या खोलीत बसून ऐकताहेत, असं समजून लिहिल्यासारखं ते गद्य आहे.

वयागणिक शोकाची जात कशी पालटते हे पाहायचं तर भालचंद्र नेमाड्यांच्या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवाव्यात. ‘कोसला’ 1963 ची, लेखक पंचविशीतला. धाकटी बहीण मनी जाते तेव्हा पांडुरंग सांगवीकर सगळ्या जगावरच उखडतो. ‘हिंदू’ 2010 ची, लेखक सत्तरी ओलांडलेला. तिथे मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांच्या शेवटच्या वेळी मोरगावला परततो आणि त्या एका मरणाभोवती पिढ्यान् पिढ्यांचा गोतावळा जमा होतो. पहिल्या मरणात माणूस एकटा पडतो, दुसऱ्यात तो एकटा राहूच शकत नाही. तरुणपणी मी पहिल्या जातीचं लिहिलं. दुसरं जमतंय का, ते आता बघतो आहे.

शरीर त्यात आपली भर घालतं. मोतीबिंदू काढला, पाठ तासाभरावर बसू देत नाही. एवढ्याशा बैठकीत विशेषणांना वेळ पुरत नाही, ती आपसूक गळतात. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

हल्ली खर्डा मुलगी वाचते. ते घर तिनं पाहिलेलं नाही, त्यामुळे ती काही खोडत नाही, विचारते. आई पाटल्या मोडायला निघते त्या प्रकरणावर तिनं विचारलं, “आजी तेव्हा केवढी होती?” हिशेब केला. एकतीस. मुलगी स्वतः छत्तीसची.

तोवर त्या प्रकरणात मी आईकडे सहा वर्षांच्या पोराच्या उंचीवरून बघत होतो, आणि त्या उंचीवरून सगळीच मोठी माणसं म्हातारी दिसतात. आता सराफाच्या पेढीवर माझ्या लेकीहून लहान बाई बसली आहे. काट्यावर नजर ठेवून आहे. वजन पुन्हा करा म्हणते. प्रकरण पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहायला घेतलंय. घटीवरून तिची आणि सराफाची हुज्जत झाली असणार. त्या काळी मोडीत तोळ्यामागे किती घट धरायचे, ते मला ठाऊक नाही. गावात एक जुनी पेढी आहे, तिथले म्हातारे सराफ अजून गादीवर बसतात. उद्या सकाळी त्यांना गाठायचं ठरवलंय.