फिरोजपूरची बाग

फुलकारी मी फिरोजपूरच्या पोस्टिंगमध्ये शिकलो. त्याआधीच्या उंचावरच्या थंडीने उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती. डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम देत राहा. आमच्या सुभेदारसाहेबांच्या बीजींनी थेट सुईच हातात दिली. "पुत्तर जी, पहिलां धागे गिणो."

आईच्या भरतकामात रिंग असायची, छापलेला नमुना, साखळी टाका. इथे जाड खद्दर, न पिळलेलं रेशीम, म्हणजे पट, आणि रफूसारखा साधा टाका. विणीतले धागे मोजत कापडाच्या उलट्या बाजूने भरायचं. फुलं सुलट बाजूला उमटतात. एक धागा चुकला की पुढची ओळ तिरकी. सगळं कापड भरून गेलं की तिला 'बाग' म्हणतात.

मेसमध्ये चेष्टा झाली, व्हायचीच. खडकवासल्याला शर्टाची बटणं आम्हीच लावायचो, तेव्हा कोणी हसलं नव्हतं!

सहाव्या महिन्यात तर्जनीला सुई टोचली आणि ते मला कळलं. बायकोला हाक मारून रक्ताचा थेंब दाखवला.

आता बदली आलीय. अर्धी बाग काळ्या ट्रंकेत, गणवेशांच्या वर. बीजींनी केशरी पटाच्या चार लडी जास्तीच्या दिल्यात.