मखमली कॉलर

लांब कोट. खांद्यात ऐसपैस, गुडघ्याच्या जरा वर संपणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या शिंप्यांनी सातव्या एडवर्डच्या काळातली ही फॅशन उकरून काढली ती लष्करातल्या तरुण साहेबांसाठी. उचलली दक्षिण लंडनच्या कामगार वस्तीतल्या पोरांनी. साहेबांनी मग ती सोडून दिली. १९५३ मध्ये वर्तमानपत्रांनी या ‘एडवर्डियन’ पोरांचे ‘टेडी बॉईज’ केले.

कॉलरला मखमल. कपड्यांचं रेशनिंग १९४९ मध्ये उठलं, मटणाचं १९५४ पर्यंत चाललं. अशा दिवसांत कारखान्यातला पोरगा शिंप्यापुढे उभा राहून खिशांच्या झडपांनाही मखमल लावा म्हणून बजावायचा आणि आठवड्याच्या हप्त्याने पैसे फेडायचा. लोकांना खरा राग आला तो याचा. फाटक्या कपड्यांतला गरीब त्यांच्या सवयीचा होता; बेतून शिवलेल्या कोटातला डोळ्यांत खुपायचा.

पायांना चिकटलेली आखूड पँट, भडक मोजे दिसावेत इतकी आखूड. क्रेपच्या जाड तळाचे बूट. नाडीएवढा टाय.

कंगवा. समोर कोंबडा काढायचा, मागे दोन्हीकडचे केस मधोमध आणून बदकाची शेपटी करायची. ब्रिलक्रीम सढळ हाताने. (ती बरणी आपल्याकडच्या आरशांपुढेही होतीच.) कोणाकोणाच्या खिशात कंगव्याशेजारी वस्तराही असे. १९५६ मध्ये ‘रॉक अराउंड द क्लॉक’ लागला तेव्हा थिएटरातल्या खुर्च्या फाडल्या, तो एक वेळ पोरकटपणा म्हणू. १९५८ मध्ये नॉटिंग हिलमध्ये वेस्ट इंडीजहून आलेल्यांवर गोऱ्यांचे जमाव चालून गेले, त्यांतही हे कोट होते. त्याला पोरकटपणा म्हणता येणार नाही.

मुलींचं सामान वेगळं: दुमडलेली जीन्स, गळ्याशी ब्रोच, गवती हॅट, हातात मिटलेली छत्री. पुढे सिनेदिग्दर्शक झालेल्या केन रसेलने १९५५ मध्ये त्यांचे फोटो काढले, बॉम्बने पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांत. पोरांचा इतका गाजावाजा झाला, या मुलींची दखल फारशी कोणी घेतली नाही. त्या मोकळ्या जागांवर आता इमारती आहेत.

सक्तीची लष्करभरतीही गेली. कोंबडा कापला जायचा तो तिथेच. तिची शेवटची बोलावणी १९६० मध्ये निघाली.

१९७१ मध्ये किंग्ज रोडवर माल्कम मॅकलॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांनी याच कोटांचं दुकान थाटलं. काही वर्षांनी त्याच दुकानात पंक पोरांसाठी मुद्दाम फाडलेले कपडे मिळू लागले, आणि ते स्वस्त नव्हते.