गळ वर्ज्य, सांडपाणी नाही

देहू, शनिवार

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे आधी तुकोबांचं दर्शन घेतलं, मग डोहावर आलो. त्यांची गाथा बुडवली ती या इंद्रायणीत. इथे गळ टाकायचा नाही, ही जुनी शिस्त. हा डोह महसीरचा. हाच मासा कर्नल साइक्स यांनी 1839 साली शास्त्रात नोंदवला, तो पुण्याच्या मुळा-मुठेतला. इंद्रायणीत आता कारखान्यांचं नि गटारांचं पाणी मिसळतं. आळंदीला याच नदीवर आलेला फेस तू पेपरात पाहिलाच आहेस. गळ वर्ज्य आहे, सांडपाणी नाही.

वाळण, ता. महाड, सोमवार

ती. आजीस सा. न.

वरंधा घाट उतरून बिरवाडीवरून आत आलो. काळ नदीच्या कातळात खोल कोंड, काठावर वरदायिनी देवी, वर झुलता पूल. चुरमुरे टाकले की पाणी उसळतं, जाड खवल्यांचे महसीर एकमेकांवर चढतात. हे देवीचे मासे. मारायचे नाहीत, खायचे नाहीत. आधी लहान मासे येतात, मग मोठे, आणि सगळ्यांत खालच्या थरात नथ घातलेला मासा, असं इथले सांगतात. मला काही नथ दिसली नाही.

उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हाही हा कोंड भरलेला असतो. पाऊस लागला की महसीर प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतात, पिल्लं पुढे पात्रभर पसरतात. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून हौदांत महसीरचं बीज तयार करतात. इथे ते काम देवीच्या धाकावर चाललंय. एवढ्याशा राखलेल्या पाण्यावर सगळी नदी जगते.

श्रद्धा देहूत कमी आहे असं नाही. पण काळेच्या उगमाकडे लिंगाणा किल्ल्याकडचं रान आहे, इंद्रायणीच्या वरच्या अंगाला वाढती गावं नि कारखाने. माणसाचा हात देव थांबवतो, वरून येणारी घाण थांबवायला नगरपालिका लागते.

तेव्हा देहूच्या माशांसाठी पैसे द्यायचं तुझ्या मनात असेल, तर चुरमुऱ्यांना देऊ नकोस. सांडपाणी आधी शुद्ध करा, असा अर्ज लिहून आणतो. त्यावर पहिली सही तुझी हवी.

तुझा,
नातू