आगाऊ

कंपन्या बदलल्या, लॅपटॉप बदलले, पण ‘आगाऊ’ नावाची एक फाईल सगळीकडे माझ्याबरोबर आली. साधी शेल स्क्रिप्ट आहे. वेब सर्व्हरला नाना तऱ्हेच्या रिक्वेस्ट पाठवायच्या आणि तो काय बोलतो ते छापायचं, एवढंच तिचं काम.

मूळ कॉलेजच्या लॅबमधलं. एका सीनियरने टेलनेटने पोर्ट ८० जोडून दिला नि म्हणाला, “आता ब्राउझर तूच.” एक ओळ टाइप केली, दोनदा एंटर दाबलं आणि अख्खं पान कच्च्या एचटीएमएलमध्ये अंगावर आलं. त्याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही.

नोकरीत तेच टाइपिंग फाईलमध्ये गेलं. आधी नुसतं कर्ल: मजकूर फेकून द्यायचा, स्टेटस कोड ठेवायचा, २०० आला की ‘पास’. असले रिपोर्ट मॅनेजर लोकांना फार आवडतात. मला त्यात राम वाटेना. कर्ल म्हणजे वळण लावलेलं पोर. होस्ट हेडरसकट सगळं न सांगता नीट भरून पाठवतं. नीट विचारलं की कुणीही नीट उत्तर देतं! मग मी प्रिंटएफने रिक्वेस्ट अक्षर न् अक्षर लिहून नेटकॅटमध्ये सोडू लागलो.

एचटीटीपी १.१ची रिक्वेस्ट, पण होस्टच नाही: ४०० यायलाच हवा. हातभर लांब यूआरएल: ४१४. कंटेंट-लेंग्थमध्ये १०० बाइट सांगून १० पाठवायचे आणि गप्प बसायचं. सर्व्हर किती वेळ ताटकळतो ते बघायचं. ही माझी लाडकी. २००९ मध्ये स्लोलोरिसने हेडर कधी पुरेच न करता अपाचेची कनेक्शनं अडवून दाखवली, तेव्हा टीमलाही ती पटली. आणखी एक: कंटेंट-लेंग्थ आणि चंक्ड, दोन्ही एकाच रिक्वेस्टमध्ये. पुढचा प्रॉक्सी एकावर विसंबतो, मागचा सर्व्हर दुसऱ्यावर, आणि त्या मतभेदातून तिसरीच रिक्वेस्ट आत शिरते.

वेड्यावाकड्या रिक्वेस्टला ५०० देणारा सर्व्हर मी पास करत नाही. चूक माझी, तर ४०० म्हण. ५०० म्हणजे आत कोड कोसळलाय.

“सर, असं कुठला युजर करतो?” नवी पोरं विचारतात. युजर नाहीच करत. नवा सर्व्हर इंटरनेटवर चढवा आणि लॉग बघा. पत्ता कुणाला सांगितलेलाही नसतो, तरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणारे बॉट हजर असतात.

परवा त्या नव्या पोरांतल्याच एकीने नवी ओळ घातली: होस्ट हेडर दोन, नावं वेगवेगळी. नियमाने ४०० हवा. आमच्या सर्व्हरने २०० दिला.