गाडीचं कूलंट कमी होतंय, पण थेंब कुठंच दिसत नाही

आज कपाशी-मिरचीचं नाही, गाडीचं लिहितो. पण शेवटपर्यंत वाचा, विषय शेतातलाच निघतो.

आमची डिझेल चारचाकी जुनी घेतलेली. मे महिन्यात थोरल्याच्या ध्यानात आलं की कूलंटची बाटली सारखी खाली जाते. भरलं की आठ दिवसांत पुन्हा कमी. गाडीखाली जमीन कोरडी. गरम होण्याचा काटा मधोमध. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं अन् लगेच सांगितलं, "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल, पंचेचाळीस हजार धरून चला." ऐन बियाणं-खताच्या तोंडावर पंचेचाळीस हजार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

आता मला सांगा, कपाशीचं पान लाल झालं तर आपण लगेच काय फवारतो? लाल्या मॅग्नेशियम कमी पडल्यानं येतो, नत्र कमी पडल्यानं येतो, तुडतुड्यानं पान लाल होतं, रात्रीची थंडी वाढली तरी होतं. पान एकच, कारणं चार. कारण न बघता फवारलं तर पैसे गेले अन् लाल्या तिथंच. गाडीचंही तसंच आहे. म्हणून आधी वही काढली.

बाटलीवर मार्करनं रेघ मारली. रोज सकाळी इंजिन गार असताना पातळी बघायची अन् किलोमीटर लिहायचे. पंधरा दिवसांत वहीच बोलायला लागली. गावात, शेतात, सिल्लोडला सपाटीनं गेलं तर पातळी जवळजवळ तिथंच. पण जळगावहून येताना फर्दापूरपासून अजिंठ्याचा घाट चढून आलं की दुसऱ्या दिवशी बोटभर कमी. घाटात इंजिनावर जोर येतो, उष्णता वाढते, आतला दाब वाढतो. म्हणजे गळती दाबावर होत होती.

दाबाचं गणित सोपं आहे. उघडं पाणी १०० अंशाला उकळतं. झाकणानं आत साधारण १ बार दाब धरला की तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर कूलंट वाफ होऊन रस्त्यातच निघून जातं अन् घरी काहीच दिसत नाही. म्हणून सगळ्यात स्वस्त काम आधी केलं, झाकण नवं बसवलं. फरक पडला नाही. ठीक, एक कारण वहीतून खोडलं.

मग हेड गॅस्केट. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नव्हतं. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का बघितलं, नव्हता. सिल्लोडच्या दुसऱ्या मिस्त्रीकडं एक निळं द्रावण असतं. कूलंटच्या बाटलीतली हवा त्यातून ओढायची. जळालेला गॅस कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रावणाचा रंग बदलतो. आमचं निळंच राहिलं. डिझेल गाडीत ईजीआर कूलर फुटला तर कूलंट आतल्या आत जळून जातं, तेही त्यानं तपासलं. हीटरखालची चटई ओली नव्हती, आत गोडसर वासही नव्हता.

शेवटी प्रेशर टेस्टर लावला. सायकलच्या पंपासारखा हातपंप असतो, वर काटा. गार इंजिनात दाब भरला, अर्धा तास काटा हलला नाही. इथं बरेच जण "गळती नाही" म्हणून टेस्टर काढून ठेवतात. पण ठिबकच्या लॅटरलचं बारीक भोक मोटार बंद असताना सापडतं का? मोटार चालू ठेवूनच ओळीनं चालत जावं लागतं. मिस्त्रीनंही तेच केलं. टेस्टर तसाच ठेवून, काट्यावर नजर ठेवून इंजिन चालू केलं, तापू दिलं अन् बॅटरी-आरसा घेऊन खालून बघितलं.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला कंपनीनंच एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. सील झिजलं तर पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या छिद्राभोवती गुलाबी-पांढरी खपली धरलेली होती. पंप फिरत असताना थेंब यायचा, तापलेल्या लोखंडावर पडून तिथंच सुकायचा. जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. पंप काढला तर आत क्षार साचलेला. आधीच्या मालकानं बोअरचं पाणी भरलं असणार. पंप, पट्टा, नवं कूलंट अन् मजुरी मिळून साडेसहा हजारात काम झालं. त्यानंतर चार वेळा घाट चढलो, रेघ जागेवर आहे.

काही गोष्टी जाता जाता.

गरम इंजिनाचं झाकण कधीच उघडू नका. वाफ थेट तोंडावर येते.

रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बंद करायची पद्धत आपल्याकडं आहे. अडचणीत घरापर्यंत पोचायला ठीक, पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद करते.

कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच घ्या. आपल्या बोअरच्या पाण्यानं ड्रिपर चोंदतात, तेच इंजिनात होतं.

अन् सगळ्यात महत्त्वाचं. काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ, हौदाजवळ ओतू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं. चव गोड लागते म्हणून कुत्रं, वासरू चाटतं अन् मूत्रपिंड निकामी होऊन मरतं. डब्यात भरून, झाकण लावून गॅरेजला द्या.

ट्रॅक्टरलाही हेच सगळं लागू आहे. कुणाच्या ट्रॅक्टरचं पाणी असं गायब होत असेल तर इंजिन खोलायच्या आधी पंधरा दिवस वही ठेवा, अन् काय सापडलं ते इथं लिहा.